स्लॅब भरण्याआधीचे पाच दिवस

राजेंद्रनगरचं आमचं जुनं बैठं घर पाडून त्याच प्लॉटवर दोन मजली बांधायला घेतलं. नकाशा, पाया, प्लिंथ सगळं वेळेवर झालं. इंदूरची काळी माती पावसात फुगते नि उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला, तेवढं पुरे. मला लिहायचंय ते पहिल्या स्लॅबच्या आधीच्या पाच दिवसांबद्दल, कारण तो राग अजून गेलेला नाही.

ज्या ऑफिसकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग करून घेतलं, त्यांच्या फीमध्ये तीन साइट व्हिजिट धरलेल्या होत्या. करारात तसं लिहिलंय. पहिली पायाच्या वेळी झाली. दुसरी स्लॅबचं लोखंड बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याआधी. जूनच्या पहिल्या आठवड्यात सोमवारी दुपारी लोखंड बांधून झालं आणि मी लगेच फोन केला. "साहेब साइटवर आहेत, उद्या येतील." मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी म्हणाले, "फोटो पाठवा, बघून सांगतो." मी २२ फोटो पाठवले. तासाभरात उत्तर आलं: ठीक आहे, भरून घ्या.

इकडे ठेकेदार रोज विचारत होता, मिक्सर कधी बोलावू? आभाळ भरून येत होतं. तो म्हणे, "दीदी, पच्चीस साल से छत भर रहे हैं." माणूस वाईट नाही, काम मनापासून करतो. पण मजुरांची टोळी आणि मिक्सर ठरला की त्याला थांबणं परवडत नाही. म्हणून सांगते, तपासणी झाल्याशिवाय मिक्सरचं बयाणं देऊ नका. मी दिलं होतं आणि ते गेलं.

बुधवारी संध्याकाळी मजूर गेल्यावर मी ड्रॉइंग आणि शिवणाची टेप घेऊन शिडीनं वर चढले. भाच्यानं, तो सिव्हिल इंजिनिअर आहे, फोनवर सांगितलं होतं, "मावशी, आधी बाल्कनी बघ." आमची बाल्कनी चार फूट बाहेर आलेली आहे. खोलीच्या स्लॅबला मधोमध ताण खालच्या अंगाला बसतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली. बाल्कनी फक्त एकाच बाजूनं धरलेली, तिचा ताण वरच्या अंगाला, म्हणून तिथे मुख्य सळई वर हवी. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये सेंट्रिंगच्या प्लायपासून साधारण चार इंचांवर. मी टेप उभी धरली. सव्वा इंच. दुसरीकडे धरली, तिथे दीड.

बांधणाऱ्यांनी सळई वरच बांधली होती. पण खाली लोखंडी चेअरऐवजी, म्हणजे वरची सळई उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईच्या घोड्यांऐवजी, गिट्टीचे दगड लावले होते. दोन दिवस माणसं त्यावरून ये-जा करत होती, दगड घरंगळले आणि जाळी खाली बसली. मी एका सळईवर पाय दिला तर ती खणकन प्लायला टेकली. तशीच भरली असती तर बाल्कनी वरून छान दिसली असती आणि टेकू काढताना भिंतीलगत तडकली असती, किंवा त्याहून वाईट काही. तिथे माझे सासरे सकाळी खुर्ची टाकून बसणार आहेत.

त्या २२ फोटोंत यातलं काहीच नव्हतं. वरून काढलेल्या फोटोत जाळी दिसते, जाळीची उंची दिसत नाही. फोटो काढायचाच असेल तर टेप उभी धरून, कॅमेरा प्लायला टेकवून आडवा काढा.

गुरुवारी मी स्वतः त्या ऑफिसात गेले. अकरापासून दीडपर्यंत बसवून ठेवलं. ज्युनिअर म्हणाला, "फोटोत तर बरोबर होतं." मी करारातली तीन व्हिजिटची ओळ त्याच्यापुढे ठेवली आणि साहेब कधी येणार ते लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

शुक्रवारी चार वाजता साहेब आले. चाळीस मिनिटं थांबले. तेवढ्या वेळात त्यांनी मला न दिसलेल्या दोन गोष्टी काढल्या. प्लंबरनं पाइप नेण्यासाठी एका बीमच्या दोन रिंगा, म्हणजे उभ्या-आडव्या सळयांना वेढून बांधणारी कडी, कापल्या होत्या. आणि एका बीममध्ये सगळ्या सळयांचे जोड एकाच ठिकाणी आले होते, ते मागेपुढे हवेत. बाल्कनीखाली उरलेल्या सळईच्या चेअर करून घेतल्या, वरची सळई आत खोलीच्या स्लॅबमध्ये सहा फूट नेली, म्हणजे बाहेरच्या दीडपट. जे चाळीस मिनिटांत होतं, त्यासाठी मला पाच दिवस झगडावं लागलं. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि हातपाय थरथरलेही.

शनिवारी दुरुस्ती, रविवारी स्लॅब. मिक्सरवाला मसाला सैल करायला जास्तीचं पाणी घालत होता, तिथे मी उभीच राहिले. काँक्रीटची ताकद तपासायला त्याच मसाल्याचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरतात; त्यांचे साचे आधीच मागवा, १५० मिलिमीटरचे. ७ आणि २८ दिवसांनी तपासतात, एम २० या प्रतीच्या काँक्रीटला २८ दिवसांचा ताकदीचा आकडा किमान २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर यायला हवा.

कॉलमबद्दल राहिलंच. रिंगेची टोकं काटकोनात सोडलेली असतील तर भूकंपात ती उघडतात. ती १३५ अंशांत आत, गाभ्याकडे वळलेली हवीत. बोट घालून बघा, लगेच कळतं. आमच्या सहा कॉलमांतल्या रिंगा भाच्यानं व्हिडिओ कॉलवर पाहून बदलायला लावल्या होत्या. कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ४० मिलिमीटर, तिथेही सिमेंटचे कव्हर ब्लॉक, दगड नाहीत.

टेकू काढायची ठेकेदाराला घाई होती. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बाल्कनीचे मी २८ दिवस राहू दिले. काढताना बाहेरच्या टोकापासून सुरुवात करून भिंतीकडे यायचं, उलटं नाही. आदल्या दिवशी पाण्याच्या नळीनं बाल्कनीच्या टोकाची लेव्हल समोरच्या कॉलमवर पेन्सिलनं मारून ठेवली होती. शेवटचा टेकू निघाल्यावर पुन्हा नळी लावली. पाणी त्याच रेघेवर होतं.