बांगडी वाढवली म्हणतात

नाइट संपवून रूमवर येऊन दोन तास झाले, अंग मोडून आलंय पण झोप नाही. डोळे मिटले की त्या काकूच दिसतायत.

सकाळी ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन, पहिल्या केसला पाठवा म्हणून, इकडे हँडओव्हर अर्धं, आणि चेकलिस्टवर दागिन्यांपुढची टिक राहिलेली. काकूंच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, डझनभर तरी, साबण लावला, खोबरेल लावलं, हात सुजलेला, निघेचनात. मी वॉर्डच्या मावशींना म्हटलं, तो आर्टरीचा चिमटा द्या, फोडून टाकू सगळ्या.

एवढंच बोलले. काकूंनी हात मागे घेतला नाही, रडल्यापण नाहीत. "सिस्टर, मालक खाली बसलेत हो."

मला वाटलं मालकांना वर बोलवायचंय, म्हटलं असू देत, नंतर भेटा. ट्रॉली गेली, गॉजमधल्या हिरव्या काचा बघितल्या आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

आमच्या आजीने आयुष्यात कधी बांगडी "फुटली" म्हटलं नाही, वाढवली म्हणायची, मंगळसूत्र वाढवलं, नारळसुद्धा वाढवायची. फोडलेल्या बांगड्या मी एकदाच बघितल्यात, आजोबा गेले तेव्हा, तिच्याच. दुसरीत होते. आणि 2022 मधे कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी स्टेटसला ठेवली होती. मग आज हाच शब्द माझ्या तोंडातून, नवरा खाली बाकावर जिवंत बसलेल्या बाईला?

काढायला तर हव्याच होत्या, ते चुकलं नाही. हात अजून सुजला असता तर आवळल्या असत्या, टेबलवर काच फुटली असती. रात्रभर एकटीने तीस पेशंट बघितले, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही... जाऊ दे. पण शब्द. आणि ती पाच मिनिटं. "पेशंट तयार नाही, पाच मिनिटं द्या" एवढं ओटीला सांगायला माझी जीभ का नाही उचलली? पेशंटची बाजू मांडायची म्हणून तर आपण तिथे उभ्या असतो, त्यांना तर ओटीचा फोन उचलता येत नाही. मालक वर आले असते, त्यांच्यासमोर एकेक वाढवली असती, काय बिघडलं असतं?

थर्ड इयरला लेनिंजर होती, पेशंटची संस्कृती समजून घेऊन नर्सिंग करा म्हणणारी. अमेरिकेतली नर्स, साठच्या दशकात पार न्यू गिनीत जाऊन गाडसुप लोकांमधे राहिली. मी पाठ करून लिहिलं होतं सगळं. तिला परक्यांची भाषा शिकावी लागली, मला तर काकूंची भाषा घरातूनच आलेली आणि तरी. हेच परत परत येतंय मनात. माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही मला.

ड्यूटी संपल्यावर खाली जाऊन मालकांना सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, बांगड्यांचं काय घेऊन बसलात बाई, ती बरी होऊ द्या. बरं वाटलं, मग लगेच वाटलं, हे बोलायचा हक्क त्यांचा, माझा नाही. असो. झालं ते झालं, आता काकूंनाच भेटून बोलायचं, पळ काढायचा नाही.

आत्ता वॉर्डला फोन केला, काकू बाहेर आल्यात, बोलतायत. इन्चार्ज मॅडमना विचारलं, डाव्या हाताला ड्रिप आहे पण उद्या सूज उतरली की उजव्यात दोन-चार चालतील म्हणाल्या. मालकांना मघाशी माप विचारलं होतं, तर म्हणे मला काय ठाऊक, कासाराला ठाऊक असतं. संध्याकाळी जाताना हिरव्या अडीचच्या घेते. थोड्या सैलच.