पंचेचाळीस मिनिटं

"मॅडम, मुलाखतीच्या तयारीची पुस्तकं कुठे आहेत?"

ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायच्या पद्धतीत, ती 650.14 वर लागतात. मी कपाट दाखवलं आणि परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करायला लागले. गृहस्थ जागचे हलले नाहीत.

चेहरा ओळखीचा होता. दोन महिने रोज दार उघडता उघडता यायचे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला ऑफिसची बॅग. दिवसभर वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, आणि सहाच्या ठोक्याला बाहेर. वाचनकक्षात वर्षं काढलेल्या कुणालाही असा माणूस लगेच कळतो. 1930च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेतली ग्रंथालयं अशाच लोकांनी भरून गेली होती, आणि नेमका तेव्हाच ग्रंथालयांच्या खर्चाला कात्री लागत होती. आम्ही अशांना कधी काही विचारत नाही. न विचारणं हीसुद्धा सेवाच आहे, असं मी स्वतःला सांगत आले होते.

पण संदर्भसेवेचा पहिला धडाच असा, की वाचक आधी जे विचारतो ते बहुधा त्याला हवं नसतं. मी कपाटाकडे बोट दाखवून मोकळी झाले होते.

"मुलाखत कधी आहे?"

"मुलाखत कुठली! अर्जच भरायचाय. आज शेवटची तारीख."

आमच्याकडे एका वाचकाला संगणक पंचेचाळीस मिनिटं मिळतो. नियम मीच केलेला, बाहेरची रांग बघून. मेल बघायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. नोकरीचा अर्ज मात्र तेवढ्यात होत नाही, हे त्या दिवशी मी शेजारी खुर्ची ओढून बसले तेव्हा कळलं. फोटो पन्नास केबीच्या आत हवा. त्यांच्याकडचा तीन एमबीचा. तो लहान करेपर्यंत साइटने बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिल्या पानापासून. दोन्ही वेळा ते स्वतःच ओशाळले, जणू चूक त्यांचीच होती.

मग 'अनुभव'चा रकाना आला. त्यांनी टाइप केलं, "स्टोअरमध्ये काम, 19 वर्षे." आणि थांबले.

"रोज गेल्यावर पहिलं काय करायचात?"

"पहिलं? रात्रपाळीत कुठला माल उचलला गेला ते बघायचं. बिन कार्डावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळतोय का..." आणि माणूस सुटलाच. आलेला माल चलनाशी ताडून घेणं, जुना माल आधी बाहेर काढणं, वर्षअखेरची मोजदाद, रजिस्टर बंद होऊन सगळं संगणकावर गेलं तेव्हा हाताखालच्या चौघांना शिकवणं. मी रद्दीतल्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेले. कागद त्यांच्यापुढे सरकवला, तर म्हणाले, "हे पण लिहायचं असतं?"

टाइप त्यांनीच केलं, दोन बोटांनी. मी केलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती. पण पुढचा अर्ज ते माझ्याशिवाय भरणार होते. आणि पासवर्डच्या वेळी मी मान वळवते. तो बघणं आमच्या कामात बसत नाही. इतक्यात पडद्यावर आलं: वेळ संपत आली. मी काउंटरवर जाऊन वाढवून दिली. रांगेतल्या मुलाने कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्याचंही बरोबरच होतं. "वाचकाचा वेळ वाचवा" हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं 1931 सालचं चौथं सूत्र. कुठल्या वाचकाचा, ते काही त्यात दिलेलं नाही.

शेवटच्या पानावर ओटीपी. तो गेला त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर. हे खातं कधीकाळी तिनेच उघडून दिलेलं.

ते पडद्याकडे बघत राहिले. मग फोन काढला, मला ऐकू जायला नको म्हणून जरा पलीकडे वळले.

"हं, मी बोलतोय. तुला आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा वाचून दाखव... नाही. ऑफिसात नाही. लायब्ररीत आहे." बराच वेळ पलीकडचं ऐकत होते. "दोन महिने झाले. आईला सांगू नकोस, मी सांगतो."

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो तिने एकेक आकडा करून सांगितला आणि त्यांनी तो मोठ्याने म्हणत भरला. वाचनकक्षात एवढ्या मोठ्याने बोललेलं मी एरवी चालवून घेत नाही.

पोचपावती छापून दिली. डाउनलोडमधला त्यांचा फोटो, सही, गुणपत्रिका मी त्यांनाच पुसायला लावली आणि लॉगआउट झालंय ना, ते दोनदा बघितलं. सार्वजनिक संगणकावर ही गोष्ट हमखास राहते. साडेचार वाजले होते. ते सवयीने टेबलाकडे वळले, वर्तमानपत्र उचललं, परत ठेवलं आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी समितीला टिपण लिहिलं: अर्ज भरणाऱ्यांसाठी एक संगणक वेगळा, दोन तासांचा. उत्तर आलं, 'विचाराधीन'. दरम्यान मी कोपऱ्यातल्या संगणकाला एक कागद चिकटवून टाकलाय.

दुसऱ्या दिवशी ते साडेअकराला आले. बॅग नव्हती, पायात चपला.

"मॅडम, ती मुलाखतीची पुस्तकं कुठे म्हणालात?"

या वेळी मी कपाटापर्यंत गेले.