दादांची गोळी बदलली: नाशिक रोड ते परळ, दोन फेऱ्या

जानेवारीच्या शेवटी, द्राक्षांचा खुडा अगदी तोंडावर असताना दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रिपोर्ट आला. बीसीआर-एबीएल १.८ टक्के. रक्ताचा कॅन्सर किती उरलाय ते या आकड्यावरून कळतं, तो जितका कमी तितकं चांगलं. आधीच्या तपासणीत तो आकडा ०.०६ होता. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, गोळ्या चुकल्या का?"

चुकल्या होत्या. गेल्या हंगामात मजूर, गाड्या, व्यापारी या धावपळीत आठवड्यातून दोनतीनदा. आम्हाला घरात कुणाला पत्ता नव्हता. मी सिडकोत राहते, दादा-आई निफाड तालुक्यात मळ्यात. फोनवर "गोळी घेतली का?" विचारलं की "हो" असंच उत्तर यायचं.

दादांना सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, आहे. चार वर्षांपूर्वी पोटात डावीकडे गच्च वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर पाणथरी वाढलेली आणि पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार. गावात सगळे "रक्ताचा कॅन्सर" एवढंच म्हणतात, पण त्या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार येतात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि त्यातून एक नवा जोडजनुक तयार होतो, तोच बीसीआर-एबीएल. फिलाडेल्फियातल्या संशोधकांना त्यामुळे आखूड झालेलं २२ वं गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं, जेनेट राउली यांनी ती अदलाबदल १९७३ मध्ये ओळखली आणि नेमकं त्याच जनुकाचं काम बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी (दादांची आधीची) २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली याला १ एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही कारण आहे. न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं, त्यामुळे जेनेरिक गोळ्या बनत राहिल्या. दादांसारख्या शेतकऱ्याच्या घरात त्या निकालाची किंमत दर महिन्याला कळते.

आकडा वाढला की लगेच दुसरी गोळी सुरू करायची, असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं. त्या जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, झालाय का आणि झाला असेल तर कुठला, हे आधी बघायचं. ते रक्त आम्ही इथल्याच एका लॅबमध्ये दिलं. शुक्रवारी संध्याकाळी. नमुना शनिवार-रविवार कुरिअरमध्ये पडून राहिला आणि पुढच्या आठवड्यात उत्तर आलं, नमुना तपासण्याजोगा नाही. या तपासणीला पेशींमधला आरएनए लागतो आणि तो फार लवकर खराब होतो. तुम्हाला नमुना पाठवायचाच असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी द्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत, आणि तो कधी व कसा पोहोचणार ते तोंडावर विचारून घ्या. आम्ही मात्र डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरवलं.

नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस सोयीची. सकाळी सातच्या सुमारास निघते आणि दादरला उतरता येतं. आरक्षण करूनच जा, रोजच्या नोकरदारांची गर्दी मोठी असते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेची सवलत आहे: एसी चेअर कारला ७५ टक्के आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाला पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयाच्या सही-शिक्क्यासह लागतो. पहिल्या फेरीला आमच्याकडे तो नव्हता, दुसऱ्यासाठी तिथूनच घेतला. दादरहून लोकलने परळ एकच स्टेशन आहे, पण थकलेल्या माणसाला जिन्यांवर चढवू नका, टॅक्सी करा.

कागदांची एकच फाइल करा, तारखेप्रमाणे लावलेली. पहिल्या निदानाचा रिपोर्ट सगळ्यात वर. बीसीआर-एबीएलच्या प्रत्येक कागदावर 'इंटरनॅशनल स्केल' लिहिलंय का ते बघा, नाहीतर एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळवता येत नाही. आमच्या फाइलमध्ये असा एक जुना कागद निघाला आणि तो बाजूलाच ठेवावा लागला. शक्यतो दर वेळी एकच लॅब धरा. आणि चुकलेल्या गोळ्या लपवू नका. दादांनी तिथेही खरं सांगितलं, मला त्याचा फार अभिमान वाटला.

बाकावर शेजारी येवल्याकडचा एक तरुण होता. त्यालाही "रक्ताचा कॅन्सर"च, पण एपीएल नावाचा वेगळा प्रकार. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून त्याला घाईघाईने आणलेलं आणि तो अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या कॅप्सूल आणि आर्सेनिकवर बरा होत होता. दादांच्या गोळीचा त्याला उपयोग नाही, त्याच्या औषधाचा दादांना नाही. गावाकडे कुणी "अमक्याला या औषधाने गुण आला" म्हणून सांगत आलं की मला तो बाक आठवतो.

पहिला दिवस फाइल काढणं, तपासणं आणि रक्त देणं यात गेला. म्युटेशनचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही, म्हणून दोन फेऱ्या धरूनच चला. मुक्काम करावा लागला तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळजवळ नाना पालकर स्मृती समिती आहे. रुग्णालयाचे कागद सोबत असू द्या.

दुसऱ्या फेरीत उत्तर मिळालं: जनुकात एफ३५९व्ही नावाचा बदल झालाय. इमॅटिनिबनंतरच्या गोळ्यांपैकी या बदलावर निलोटिनिब नीट चालत नाही, डॅसाटिनिब चालतं. टी३१५आय हा बदल असता तर ही दोन्ही औषधं बाद झाली असती आणि पोनाटिनिब किंवा ॲसिमिनिबचा विचार करावा लागला असता. मी गोंधळले, पण दादांनी मान डोलावली. म्हणाले, "ताई, देठ परीक्षण केल्याशिवाय आपण बागेला खताचा डोस देतो का? आणि एकच औषध अर्धवट मारत राहिलं की डाउनी दाद देते का?" (देठ परीक्षण म्हणजे पानाचा देठ तपासून वेलीला काय कमी पडतंय ते बघणं, डाउनी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

नवी गोळी डॅसाटिनिब, दिवसातून एकदा, १०० मिलिग्रॅम. ॲसिडिटीसाठी दादा रोज पॅन्टोप्राझोल घ्यायचे. ते बंद झालं, कारण त्याने डॅसाटिनिब नीट शोषलं जात नाही. तुमच्या माणसाच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. दम लागला किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, या औषधाने फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, शेजाऱ्याच्या माहितीवर जाऊ नका.

परतीच्या गाडीत इगतपुरीच्या आसपास दादांनी खिशातली फवारणीची वही काढली. मागच्या पानावर रेघा ओढून 'गोळी' असा रकाना केला आणि रात्री मळ्यावर पोहोचल्यावर पहिली खूण केली. मे महिन्यात तीन महिन्यांची तपासणी झाली, आकडा ०.३. पुढचं रक्त ऑगस्टमध्ये, मंगळवारी.