क्लिपरची पट्टी, पोस्टग्रेसचा क्रमांक: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मामांच्या गाळ्यावरचा प्रोग्रॅम हार्बरवर (क्लिपरचा कोड आजच्या मशीनवर चालवणारा मोफत कंपायलर) कंपाइल झाला होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मामांचा मार्केट यार्डात आडतीचा गाळा आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब) करणारा प्रोग्रॅम क्लिपर ५.२ या डॉसच्या काळातल्या भाषेतला. ती १६ बिटी एक्झी ६४ बिटी विंडोजवर चालत नाही, म्हणून हार्बर. ‘सगळं नव्यानेच लिही की’ म्हणणाऱ्यांनी आतलं हमाली-तोलाईचं गणित एकदा बघावं. २०१६ मध्ये भाजी-फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, त्या तारखेची ‘इफ’ची अट कोडमध्ये सात ठिकाणी आहे. तिला हात लावायची माझी छाती नाही. त्यामुळे प्रोग्रॅम तोच ठेवायचा आणि डेटा हळूहळू दूरच्या सर्व्हरवर न्यायचा, असं ठरवलं.

सुरुवात नेटआयओने केली, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी लायब्ररी. हार्बरसोबतच येतं. फाइलच्या नावाआधी ‘नेट:’ लावलं की दुसऱ्या मशीनवरची डीबीएफ (क्लिपरची डेटा फाइल) उघडते. सीक (नोंद शोधणं), स्किप (पुढच्या नोंदीवर जाणं) सगळं जसंच्या तसं. घरच्या वायफायवर झकास चाललं. मग भाड्याच्या सर्व्हरवर फाइली टाकून वर्षाच्या उधारीची यादी काढली, आणि चहा पिऊन आलो तरी स्क्रीन तिथेच. डू व्हाइल लूप एकेक नोंद मागतो, आणि दरवेळी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावं लागतं. एका फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर १८,००० नोंदींना ७२० सेकंद, म्हणजे १२ मिनिटं. वेळ जातो तो या फेऱ्यांत, त्यामुळे जास्त एमबीपीएसची लाइन घेऊन यात काडीचा फरक पडत नाही. नेटआयओत सर्व्हरवरचं फंक्शन लांबून चालवता येतं, तर अख्खा लूपच तिकडे हलवला आणि यादी पटकन आली.

तेवढ्यावर भागलं असतं, पण मामेभावाला फोनवर रिपोर्ट हवेत. म्हणून पट्टी आणि उधारी सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नेली. शेतकरी आणि खरेदीदारांच्या फाइली अजून डीबीएफच. एका टेबलाचा मालक एकच, म्हणजे ते डीबीएफ किंवा पोस्टग्रेस यांपैकी एकाच ठिकाणी लिहायचं, हा नियम. दोन्हीकडे लिहून रात्री मेळ घालायचा उद्योग चार दिवस करून पाहिला आणि कानाला खडा लावला. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट बाहेर उघडा ठेवलेला नाही, सगळं वायरगार्डमधून (खाजगी, कुलूपबंद जोडणी) जातं.

उधारीच्या यादीतून काही नावं गायब झाली, त्यात एक संध्याकाळ गेली. पैसे आले नसतील तर डीबीएफमध्ये जमा तारीख म्हणजे आठ स्पेस. क्लिपरमध्ये रिकामी तारीख कुठल्याही तारखेपेक्षा लहान ठरते, आणि जुना कोड त्याच्याच भरवशावर होता. पोस्टग्रेसमध्ये तिथे नल, म्हणजे ‘माहीत नाही’, आलं. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर नलच, त्यामुळे ती ओळ यादीत येतच नाही. थोडक्यात, ज्यांनी एक पैसाही दिलेला नाही नेमके तेच सुटले! मामांनी यादी नुसती चाळून सांगितलं, ‘अरे, यात खरे बुडवे कुठायत?’

खरी गंमत पट्टी क्रमांकाची. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक नोंद असलेली छोटी फाइल आहे: आरलॉक करायचं (नोंदीला कुलूप), एक मिळवायचा, सोडायचं. मी हौसेने पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा आकडा देणारी सोय) लावला. तिसऱ्या दिवशी दिवाणजी म्हणाले, ‘४१२ नंबरची पट्टी फाडली कुणी?’ फाडली नव्हती. सेव्ह होताना चूक आली, ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा कामांचा गठ्ठा) मागे फिरलं, पण सीक्वेन्सने दिलेला आकडा परत घेतला नाही. तो कधीच घेत नाही, त्याची रचनाच तशी आहे. वहीत मात्र मधला आकडा सुटलेला चालत नाही. मग पुन्हा एका ओळीचं टेबल, त्यावर अपडेट-रिटर्निंग (आकडा वाढवून लगेच परत देणारी आज्ञा), आणि पट्टीची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. फसलं तर दोन्ही मागे. म्हणजे क्लिपरवाल्याचीच युक्ती, फक्त नव्या घरात. एक पथ्य आहे: स्क्रीनवर पट्टी उघडी असताना ते कुलूप धरायचं नाही. हमाल हाक मारतो, माणूस उठून जातो, आणि बाकीचे काउंटर खोळंबतात. एंटर दाबल्यावरच ट्रान्झॅक्शन सुरू.

आता राहिलं नेट जाण्याचं, आणि पहाटेच्या लिलावात ते हमखास जातं. तेव्हा पट्टी तिथल्याच एका डीबीएफमध्ये साठते आणि नेट आलं की वर जाते. प्रत्येक पट्टीला गाळ्यावरच एक वेगळी खूण दिली आहे आणि ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (ती खूण आधीच असेल तर काही करू नको) लावलं आहे, त्यामुळे तीच पट्टी दोनदा गेली तरी एकदाच चढते. पण सर्व्हरच नसेल तर क्रमांक द्यायचा कुठून? दोन आठवडे यावर डोकं खाजवलं. शेवटी दिवाणजींनाच विचारलं. त्यांनी खणातून एक जुनं पट्टीबुक काढलं, प्रत्येक आकड्याआधी ‘ब’ छापलेलं. लाइट गेली की ते यावर लिहायचे, वेगळी मालिका. पुढच्या रविवारी ती ‘ब’ मालिका कोडमध्ये घालतोय.