‘जागा नाही’ हे उत्तर लेखी मागा

दिव्यांग मुलाच्या प्रवेशासाठी शाळेत गेलं की ‘प्रवेश देत नाही’ असं स्पष्ट कुणी म्हणत नाही. ‘आमच्याकडे तशी सोय नाही हो’, ‘त्याचंच नुकसान होईल’, ‘स्पेशल स्कूल बघा ना एखादं’ असं अगदी मायेनं बोलून परत पाठवतात. पालक खाली मान घालून पुढच्या शाळेत जातात आणि तिथेही तेच ऐकतात. तोंडी नकाराचा कागद नसतो, आणि कागद नसला की पुढे कुठेच दाद मागता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीपासूनच अर्ज लेखी द्या. दोन प्रती करा, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अर्जाच्या शेवटी एक वाक्य हवंच: ‘प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.’ या एका वाक्यानं बऱ्याच शाळांचा सूर बदलतो, कारण कायद्यात बसेल असं कारण लिहिणं सोपं नसतं.

कायदे दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वाचायला हवेत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्यानुसार 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवं. 2012 च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं ‘वंचित गटात’ आली, म्हणजे खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी पात्र ठरली. दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, आणि तेही शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. ‘पसंतीच्या’ हा शब्द मुलाच्या बाजूचा आहे. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं नसतं.

आता प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात, आणि प्रत्येक प्रकारच्या तपासणीचे वार ठरलेले असतात. कानाची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, स्वमग्नतेची (ऑटिझमची) मोजपट्टी, यातलं काहीच एका फेरीत उरकत नाही. शिवाय मूल त्या दिवशी रडलं, झोपलं, बसलंच नाही, तर पुन्हा पुढची तारीख. जूनमध्ये प्रवेश हवा असेल तर आधीच्या पावसाळ्यातच सुरुवात करा. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर मुदत असते. कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी ती संपलेली असली तर अर्ज अडकतो, तेव्हा मुदतीची तारीख आत्ताच बघून ठेवा. टक्के चुकीचे लागले असं वाटलं तर दिव्यांग कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं.

टक्के 40 पेक्षा कमी आले की सगळं संपलं असा समज आहे. तो खरा नाही. 25 टक्के राखीव जागा आणि कलम 31 चा हक्क मिळत नाही, हे बरोबर. पण त्याच कायद्याच्या कलम 16 मधली शाळेची जबाबदारी, म्हणजे भेदभाव न करता प्रवेश, वाजवी सोयी, मुलाला लागेल तो वैयक्तिक आधार, ही 40 टक्क्यांच्या अटीला बांधलेली नाही. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या सर्व शाळांना ती लागू आहे.

अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे असलेल्या मुलांची अडचण वेगळी. हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी देत नाहीत, आणि राखीव जागा मात्र प्रवेशाच्या पहिल्याच वर्गाला असतात. त्यामुळे या मुलांना तो दरवाजा जवळपास बंदच. त्यांच्यासाठी भांडायचं ते आहे त्याच शाळेत टिकण्यासाठी: तिसरीपासून मूल्यमापनात सवलत, जादा वेळ, लेखनिक, भाषेतली सूट.

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के जागांसाठी महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज आणि सोडत असते. दिव्यांग मुलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तरी सायबर कॅफेवाले तो मागतात आणि पालक तहसीलच्या चकरा मारत बसतात. जास्तीत जास्त 10 शाळा निवडता येतात. अर्ज बाद होण्याची कारणं मात्र दरवर्षी तीच. नकाशावर घराची खूण चुकीच्या ठिकाणी पडते आणि अंतर बदलतं. भाडेकरार नोंदणीकृत नसतो, नुसता स्टॅम्प पेपरवरचा असतो. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव अर्धवट. एकाच मुलाचे दोन अर्ज भरलेले असतात. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवा आणि नावातली अक्षरं एकेक करून जुळवा. अल्पसंख्याक शाळांना ही 25 टक्क्यांची अट लागू नाही, म्हणून त्या यादीत शोधण्यात वेळ घालवू नका. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात.

मुलाखत हा आणखी एक प्रकार. ‘ऑब्झर्वेशन’, ‘इंटरॅक्शन’, ‘दोन दिवस बसवून बघू’ अशी गोड नावं देऊन मुलाची चाळणी लावतात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी निवड करण्यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 खाली बंदी आहे. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश दिल्यानंतर मुलाला काय लागेल हे समजून घेण्यासाठी केलेली तपासणी योग्यच आहे, ती हवीच. फरक इतकाच की ती प्रवेशाच्या आधी होते की नंतर.

शाळा बघायला जाल तेव्हा शांत तासाला जाऊ नका. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी जा आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत थांबा. घंटेचा आवाज किती मोठा आहे, जिन्यात कशी झुंबड उडते, डबा कुठे खातात, नळापाशी कोण उभं असतं, कुणी मूल भिंतीला चिकटून कानावर हात ठेवून उभं आहे का आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष आहे का, हे सगळं तिथे दिसतं. स्वमग्न मुलाची शाळा त्याच वीस मिनिटांत टिकते किंवा सुटते. विचारताना ‘आमच्या मुलाला सांभाळाल का’ असं विचारू नका, त्याला ‘हो, हो’ एवढंच उत्तर येतं. असं विचारा: घंटा झाली आणि तो वर्गाबाहेर पळाला तर त्याच्या मागे कोण जाईल? त्या वेळी बाकीच्या वर्गावर कोण? लघवीला कोण नेईल? कपडे खराब झाले तर बदलायची जागा कुठली? उत्तरात माणसाचं नाव आलं तर समजा शाळेनं विचार केलाय.

व्हीलचेअर असेल तर खिशात मोजपट्टी ठेवा. उताराचं प्रमाण 1 ला 12 हवं. फाटकापाशी 15 सेंटीमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर चढ 30 सेंटीमीटरचा, म्हणजे रॅम्प 3.6 मीटर लांब हवा. बऱ्याच ठिकाणी मीटरभराचा सिमेंटचा उतार करून ‘रॅम्प आहे’ असं लिहून देतात. त्यावरून ढकलताना खुर्ची मागे कलंडते, आणि उतरताना मूल पुढे फेकलं जातं. दार निदान 90 सेंटीमीटर, आणि स्वच्छतागृहात खुर्ची वळायला दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा. पुष्कळदा आत जुने बाक आणि झाडू ठेवलेले असतात. वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर तुकडीच तळमजल्यावर आणायची मागणी करा, त्याला एक पैसाही लागत नाही.

कर्णयंत्र लावणाऱ्या मुलासाठी पत्र्याचं छप्पर आणि घरघरणारे पंखे असलेला वर्ग फार कठीण. यंत्र शिक्षकांचा आवाज मोठा करतं तसा पंख्याचाही करतं. शिक्षकांपासून मीटर-दोन मीटरवर बाक, आणि प्रकाश शिक्षकांच्या चेहऱ्यावर पडेल अशी जागा मागा, म्हणजे ओठ दिसतात. फळ्याकडे तोंड करून बोलू नये हे वर्गात येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगावं लागतं. जादा बॅटरी दप्तरात, आणि ती बदलता येणारी एक व्यक्ती शाळेत. आकडी येणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांची एका पानाची सूचना द्या: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना.

विशेष शिक्षक आहेत का, यावर ‘आहेत’ म्हणतात. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि ते रोज येतात की आठवड्यातून एकदा, हेही. 2021 च्या रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारनं प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक असं ते नेमून दिलं. ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) तुम्ही ठेवा, तरच प्रवेश’ ही अट फार ऐकू येते. आधार देणं ही शाळेची जबाबदारी आहे. पालक स्वखुशीनं मदतनीस देत असतील तर वेगळी गोष्ट, पण ती प्रवेशाची अट होऊ शकत नाही. हे आम्ही ठासून सांगतो, कारण कित्येक घरांत त्या पगारापायी आईची नोकरी सुटते.

विशेष शाळांचा कारभार शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे असतो, त्यामुळे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे यादी मागून उपयोग नाही. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. शाळेचं नोंदणी प्रमाणपत्र बघा, आणि शाळा कितवीपर्यंत आहे हे नक्की विचारा. सातवीपर्यंतचीच असेल तर बाराव्या-तेराव्या वर्षी हीच शोधाशोध पुन्हा.

प्रवेश झाला की आठवड्याभरात एक गोष्ट तपासा. यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलच्या, नोंदीत मूल विशेष गरजा असलेलं म्हणून, योग्य प्रकारासह नोंदवलंय का? ही नोंद राहिली तर समग्र शिक्षा अभियानातली साधनं, प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता, मुलींचा दरमहा 200 रुपयांचा भत्ता यातलं काही मिळत नाही. वर्गशिक्षकांना विचारून भागत नाही, पोर्टलवरची नोंद डोळ्यांनी बघा.

नकार आलाच, किंवा अर्जाला उत्तरच नाही, तर पोच जोडून गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे, महापालिका हद्दीत पालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग कायद्याखालची तक्रार पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे वेगळी करता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन्हीकडे तारखा सारख्याच लिहा, नाहीतर सुनावणीत समोरची बाजू नेमकं तिथेच बोट ठेवते.

हे तीन महिने मूल घरी ठेवू नका. जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा वर्षात कधीही, वयानुसार योग्य वर्गात प्रवेश नाकारू शकत नाही, आणि जन्मदाखला नाही म्हणूनही अडवू शकत नाही. तिथे नाव घाला, हजेरी लागू द्या. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यावाच लागतो.