सब मागितला म्हणून काय झालं

आज बास्केटबॉलची मॅच जिंकली, पण डोक्यात स्कोअर नाहीच, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाला आमच्या पॉईंट गार्डनं, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणाऱ्यानं, बेंचकडं बघून मूठ वर केली तेच फिरतंय. मूठ वर म्हणजे सब द्या, माझ्या जागी बदली खेळाडू पाठवा. सरांनी लगेच बदलला आणि मागं बसलेल्या पोरांनी "काय भावा, दम संपला व्हय?" केलंच. कोल्हापुरात हे होणारच म्हणा. इथं कुणाच्या घरात तालीम तर कुणाच्या घरात पेठेचा फुटबॉल, स्वतःहून बाहेर येणं म्हणजे नाक कापल्यागत. पण आमच्या खेळात एकदा बाहेर आलेला परत आत जाऊ शकतोय, कितीही वेळा, मग तो नियम काय शोभेला ठेवलाय?

बघणाऱ्याला वाटतं ४० मिनिटं म्हणजे काय मोठं. दहा-दहाचे चार क्वार्टर खरे, पण कोर्ट २८ मीटरचं आणि २४ सेकंदात शॉट मारायचाच, म्हणजे पळायचं, कचकन थांबायचं, उडी, वळायचं, परत पळायचं. त्यात आपलं उघड्यावरचं सिमेंटचं कोर्ट, दुपारी तीनला बुटाच्या सोलमधनं चटका बसतोय.

दम लागला की पहिल्यांदा गुडघे सरळ होतात. हे मी आज बेंचवरनं नीट बघितलं. डिफेन्सला खाली बसलेला माणूस हळूहळू उभा राहायला लागतो, त्याचं त्यालाच कळत नाही, मग समोरचा ड्राइव्ह मारतो, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडं घुसतो, पाय सरकत नाहीत म्हणून हात जातो आणि शिट्टी. क्वार्टरमधला पाचवा टीम फाऊल झाला की त्यांना दोन फ्री थ्रो फुकटात, आणि स्वतःचे पाच झाले की बसा बाहेर. ऑफेन्सला काय, बॉल हातात आला की मेलेल्यालाही जीव येतोय, पण शॉट सारखा रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागला की समजायचं पाय गेले. मनगट तेच असतं, ताकद खालनं येते.

तर हा गडी बाहेर येऊन दोन्ही मुठीत चड्डीचे काठ धरून वाकून उभा, नाकावरनं घाम टपटप सिमेंटवर, कुणाशी बोलला नाही. पाण्याचे दोन घोट, टॉवेल डोक्यावर. चौथ्या क्वार्टरला तीन-चार मिनिटं गेल्यावर स्वतःच उठून सरांकडं बघितलं. आत गेला आणि त्यांच्या गार्डला फुल कोर्ट असा चिकटला की आठ सेकंदात त्यांना हाफ लाईन ओलांडता आली नाही, बॉल आपला. मॅच तिथं फिरली. मग फाऊल मिळाला, पहिला फ्री थ्रो हुकला, तळहात बुटाच्या तळव्याला पुसला, दुसरा नेटमध्ये. ओरडला नाही, छाती बडवली नाही, उलटा पळत डिफेन्सला. मला तरी टफनेस म्हणजे हेच वाटतंय, बाकी आरडाओरडा आमच्याकडं रग्गड आहे.

सीनियर पोरं लगेच अमेरिकेच्या मायकेल जॉर्डनचं काढतात, १९९७ च्या एनबीए फायनलला आजारी असून ३८ पॉईंट मारले म्हणून. मारले की, खोटं नाही. पण मॅच संपताना टीममधल्याच पिपेनच्या अंगावर कोसळला होता तेही त्याच व्हिडिओत आहे, आणि त्या एका मॅचपायी आपल्याकडं ताप आलेल्या पोराला खेळवतात हे मला अजिबात पटत नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. तांबडा रस्सा ओरपत म्हणाले, "निकाली कुस्तीत कुठं बदली मिळतीया?" म्हणलं झालं, आता तालमीचं व्याख्यान. पण जरा थांबून स्वतःच म्हणाले, "वरचा पैलवान कब्जा घेऊन दम खातोयच की, पब्लिकला वाटतंय डाव शोधतोय." आई हसली, मी तर भाकरी तशीच हातात धरून बसलो. एवढी वर्षं हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.

उद्या सकाळी सहाला लाईन्स, म्हणजे कोर्टच्या रेघांपर्यंत पळून परत यायचं, आणि पळून झाल्या झाल्या दोन फ्री थ्रो, एक जरी हुकला तरी सगळ्या टीमनं परत पळायचं असं सरांनी काढलंय. पोटऱ्या आत्ताच दगड झाल्यात. परवा सेमीफायनलला समोरच्यांची पूर्ण बारा जणांची टीम आहे, आम्ही नऊ, त्यातल्या एकाचा घोटा सुजलाय. त्यामुळं मूठ कुणी कधी वर करायची हे उद्या सरांशी बोलूनच ठरवायला लागणार.