केबिन हलते, डाळिंब हलत नाही

सईचा मेसेज दुपारी आला आणि तेव्हापासून काहीच धड होत नाहीये. तसं बघायला गेलं तर मेसेजमध्ये काही नाही. मी तिला स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधल्या आमच्या शेताच्या नव्या लेआउटचा स्क्रीनशॉट पाठवला होता, घराच्या खालचा सगळा पट्टा, मध्ये जुनिमो हट (जुनिमो म्हणजे पीक काढून ठेवणारे चिमुकले जीव, त्यांची झोपडी), भोवती इरिडियम स्प्रिंकलर, आणि विचारलं होतं की बाकी सगळं बसतंय पण तुझ्या केबिनपाशी येऊन अडतंय, काय करू? तर म्हणाली, "अगं मग माझी केबिन पाड ना. मी कुठे खेळते आता. जागाच जागा होईल." पुढे एक हसरा चेहरा. मग लगेच काकूंच्या रिपोर्टचं विचारलं, ते वेगळं, त्यावर आत्ता नको.

पाड ना. म्हणजे काय, पाड ना?

ज्यांनी स्टारड्यू खेळलंय त्यांना माहितीये की केबिन पाडणं म्हणजे शेड पाडण्यासारखं नसतं. गेममधल्या सुतारीण रॉबिनच्या दुकानात जाऊन पाडायला सांगितलं की त्या केबिनीतला खेळाडूच जातो. नाव जातं, घर जातं, गावातल्यांशी जमवलेली ओळख जाते. सईचं लायनसशी किती जमलं होतं, वाळवंटात गेली की आधी नारळ गोळा करायची आणि त्याच्या तंबूपाशी नेऊन द्यायची. ते सगळं पंधरा चौकटींसाठी पुसून टाकायचं. केबिन पाच बाय तीनची असते, म्हणून पंधरा.

मला हे कुणाला सांगताही येत नाही. ऑफिसमध्ये सांगितलं तर म्हणतील गेम आहे. हो, आहे गेम. पण मी ऑफिसातून येऊन, जेवण उरकून, लॅपटॉप उघडून शेत आखायच्या प्लॅनरवर चौकटी मोजत बसते तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा डोकं शांत होतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची आहे. साध्या शेतात नांगरता येतील अशा 3,427 चौकटी आहेत. त्यातल्या प्रत्येकीचं काय करायचं हे आपण ठरवायचं. इरिडियम स्प्रिंकलर स्वतःभोवतीच्या 24 चौकटी भिजवतो, साधं बुजगावणं आठ चौकटींपर्यंत कावळे हाकलतं, मधाच्या पेटीला पाच चौकटींच्या आत फूल लागतं, जुनिमो हटच्या दारापासून चारी बाजूंना आठ आठ चौकटींतलं पीक ती चिमुकली मंडळी काढून ठेवतात. हे सगळे आकडे एकमेकांत अडकवत न्यायचे, आणि वर चालायला वाटही ठेवायची, कारण रोज सकाळी सहाला उठून त्याच वाटेने कोंबड्यांकडे जायचं असतं. काही लोक सगळं शेत शेडनी भरून टाकतात, आत नुसती वाइनची पिंपं. पैसा येतो त्यातून, मान्य. मला नाही ते बघवत. शेतात शिरल्यावर शेत दिसायला हवं, वाफे दिसायला हवेत, कुंपणाखाली थोडं गवत राहायला हवं (कुंपणाखालचं गवत गुरांना खाता येत नाही, ते तसंच राहतं आणि पसरत जातं, ही युक्ती मला फार आवडते).

तर या अशा शेतात सईची केबिन नेमकी मधोमध.

जागा तिनेच निवडली होती. आम्ही सुरू केलं तेव्हा मी फोर कॉर्नर्स घेऊया म्हणत होते, तो नकाशा एकत्र खेळणाऱ्यांसाठीच आहे, चार कोपरे, मध्ये कडे, ज्याचा त्याचा तुकडा. सई म्हणाली नको, तुकडे आले की बांध आला आणि बांध आला की भांडण आलं, आमच्याकडे बघतेस ना. माझ्याकडेही बघतेच आहे, बाबांची तहसीलची तारीख परत पुढे गेली. तर तिच्या म्हणण्याप्रमाणे साधं शेत घेतलं, सगळं सामाईक, पैसेसुद्धा एकाच थैलीत. आणि मग तिने केबिन तिथे टाकली, कारण तिथून तळं दिसतं.

ती कधीच मोजून काही लावायची नाही. उभी असेल तिथे खणायची. मी एका बाजूने आखत यायचे आणि दुसऱ्या बाजूने ती भोपळा लावून मोकळी. चिडायचे मी, पण तेव्हा चिडायला कुणीतरी होतं.

आणि ते डाळिंब. गोठ्यासाठी सहा हजार साठवले होते आम्ही, रोज पहाटेपासून पार्सनिप आणि मासे विकून, आणि मी ऑफिसचा फोन घ्यायला उठले तेवढ्यात ही पिएरच्या दुकानातून डाळिंबाचं रोप घेऊन आली. सहा हजारांचं. गोठाही तेवढ्याचाच असतो. मी ओरडले, तर म्हणाली, "सांगोल्याची आहे मी, डाळिंब नको का दारात?" दाराच्या उजव्या हाताला लावलं, भोवतीच्या आठ चौकटी मोकळ्या ठेवल्या, कारण त्या मोकळ्या नसतील तर झाड वाढत नाही, आणि तेवढं एक मात्र तिने न सांगता बरोब्बर केलं. मग अठ्ठावीस दिवसांत झाड झालं आणि शरद ऋतूत रोज एक फळ धरायला लागलं, तेव्हा ती हेडफोनवर केवढी हसत होती. "पाणी नाही, ताण नाही, छाटणी नाही, फवारणी तर नाहीच, आणि रोज एक फळ?" मग मला सगळं शिकवलं तिने. बहार तीन असतात, मृग, हस्त आणि आंबे, आणि कुठला धरायचा ते शेतकरी ठरवतो, आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडलं की फूट येते आणि कळी निघते. तिचे पप्पा लागवडीच्या वेळी दोरी लावून फक्कीने खुणा करायचे, पंधरा बाय दहा फुटांवर एकेक रोप, आणि लहानपणी दोरीचं दुसरं टोक धरून उभं राहायचं काम हिचं. "तुझ्या प्लॅनरचं काय कौतुक," असं म्हणायची, "पप्पांनी फक्कीने आख्खं रान आखलंय."

मला त्या वाक्याचा तेव्हा थोडा राग आला होता. आता ते ऐकायला काय वाटेल ते देईन.

दुपारपासून परत परत तेच येतंय मनात, की तिला काहीच कसं वाटलं नाही? इतक्या पटकन? मी तो स्क्रीनशॉट पाठवला तोच मुळी, खरं सांगायचं तर, ती म्हणेल म्हणून, की अगं नको हात लावू, येतेय मी या शनिवारी, बसू दोघी. ती बेंगळुरूला गेल्यापासून किती शनिवार असेच गेले. मी एकटीच लॉगिन करते, तिच्या टपालपेटीसमोरून जाते, तिच्या झाडाची फळं काढून तिच्याच पेटीत ठेवते. झाड जुनं होत जातं तशी फळाची प्रत वाढते, पूर्ण वाढल्यावर एका वर्षाने चांदीचा तारा, दुसऱ्याने सोन्याचा, तिसऱ्याने इरिडियमचा, म्हणजे सगळ्यात वरचा. आता तिच्या झाडाला इरिडियमची फळं येतात आणि ती बघायला ती नाही. हा गेम एरिक बॅरोनने एकट्याने बसून बनवला, 2016 ला आला तेव्हा एकट्यानेच खेळायचा होता, दोघांनी खेळायची सोय 2018 ला आली. म्हणजे एकटीने खेळण्यात तसं काही कमी नाही, गेमच तसा बांधलेला आहे. पण दोघींचं म्हणून सुरू केलेलं शेत एकटीच्या अंगावर पडलं की ते एकटीचं शेत होत नाही, ते दोघींचंच राहतं आणि त्यात एकजण नसते. मी मालकीण नाही, राखणदार आहे. आणि जिची राखण करतेय ती म्हणते पाड.

रडले थोडी. ठीक आहे.

मग संध्याकाळी पोळ्या लाटताना एकदम आठवलं, हाच आवाज मी आधी ऐकलाय. तिच्या पप्पांनी डाळिंबाची बाग काढली तेव्हाचा. तेल्या रोग आला होता, फळांवर काळे डाग, मग फळ तडकायचं, पाऊस लागला की पाण्याच्या थेंबांबरोबर या झाडाचं त्या झाडावर. दोन हंगाम फवारण्या करून पप्पांनी शेवटी जेसीबी बोलावला. मी घाबरत घाबरत फोन केला होता, काय बोलायचं ते ठरवून, आणि ती म्हणाली, "काढली बाग. आता मका लावलाय. रान रिकामं झालं एकदाचं." इतकंच. अगदी याच आवाजात. मी तेव्हा मनात म्हटलं होतं किती कोरडी आहे ही. पण गेममध्ये डाळिंब लावलं ते त्यानंतर. बाग गेल्यावर लावलं. हे मी आजपर्यंत एकमेकांना जोडून पाहिलंच नव्हतं.

तिच्या घरात बाग लावतात आणि बाग काढतात. झाड थकलं, रोग आला, भाव पडला, की काढतात आणि दुसरं लावतात. त्याचं दुःख होत नाही असं नाही, पण ते बोलून दाखवत बसत नाहीत, मका लावतात. माझ्या घरात काहीच काढत नाहीत, आजोबांची तुटकी खुर्चीसुद्धा माळ्यावर आहे. तेव्हा तिने "पाड ना" म्हटलं ते मला टाकून देण्यासाठी नसावं. जागा लागतेय ना तुला, मग माझ्यामुळे अडू नकोस, एवढंच असावं. कदाचित. मला तसं वाटून घ्यायचंय म्हणूनही असेल, पण मी तिला इतकी वर्षं ओळखते, आणि आता विचार केला की हेच जास्त पटतंय.

पण तरीही मी पाडणार नाहीये. तिच्याकडची रीत तिच्याकडे, माझी माझ्याकडे.

जेवण झाल्यावर प्लॅनर परत उघडला. केबिन हलवता येते, रॉबिन फुकट हलवून देते, हा विचार आधीही केला होता. पण डाळिंब हलत नाही. झाड उचलून दुसरीकडे ठेवायची सोय नाही, तोडायचं तरच निघतं. केबिन वरच्या कोपऱ्यात आणि झाड खाली एकटं, हे मला मंजूर नाही, दाराशिवाय ते दारातलं डाळिंब कसलं. तेव्हा हलवायचं तर बाकीचं हलवायचं. आणि मग जमलं की! हट मध्ये धरला तर स्प्रिंकलरचे पाच बाय पाचचे नऊ ठोकळे बसतात, तीन ओळी तीनच्या, सतरा बाय सतरात आरामात. हट मी केबिनीच्या हिशोबाने सरकवला तर केबिन कोपऱ्यातल्या एका ठोकळ्यात बसते. पंचवीसातल्या पंधरा तिच्या. खाली दोन ओळी उरतात, त्यात टपालपेटी, पायवाट आणि झाड. झाड पूर्ण वाढलेलं असल्यामुळे आता त्याच्या शेजारी काहीही लावता येतं, म्हणजे डाळिंबाने अडवलेली चौकट खरं तर एकच. एकच! मी दुपारपासून एका चौकटीसाठी रडत होते असं नाही म्हणत मी, ते त्या चौकटीसाठी नव्हतंच. पण हिशोब बघून बरं वाटलं.

तोटे आहेत. एक आख्खा ठोकळा पिकाविना जातो. खालची एक ओळ तळ्याच्या काठामुळे कापावी लागतेय. वाट सरळ येत नाही, केबिनीला वळसा घालून जाते, आणि घरातून निघून खाली जंगलाकडे जाताना रोज चार पावलं जास्त पडणार. वरून बघितलं तर डावीउजवी बाजू जुळत नाही, आणि मला जुळलेलं आवडतं. कोपऱ्यावर ते बुजगावणं उभं करणार, जत्रेतले आठशे टोकन खर्चून सईने घेतलेलं, सलगमच्या डोक्याचं. तेव्हाही मी ओरडले होते.

सईला लिहिलं, "पाडत नाहीये. जागा निघाली. वळसा पडतोय थोडा." तिने अंगठा दाखवला. मग थोड्या वेळाने, "डाळिंब धरलंय का अजून?" मी फळाचा फोटो पाठवला, इरिडियमचा तारा दिसेल असा. तर म्हणते, "पप्पांना दाखवते. म्हणतील कुठलं औषध मारता विचार."

शनिवारबद्दल तीही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

हट अजून बांधायचाय. वीस हजार, दोनशे दगड, शंभर फायबर आणि नऊ स्टारफ्रूट, आणि स्टारफ्रूटचं बी वाळवंटातल्या दुकानात मिळतं. उद्या सकाळची बस पकडते. नारळ मिळाले तर लायनसकडे एक चक्कर मारीन.